पाच नंबरची नळी

अनंत चतुर्दशीच्या दिवशी इंदूरमध्ये दुपारी दोननंतर ऑफिसात बसलेला माणूस एक तर शहरात नवा असतो, नाही तर त्याचं घरी भांडण झालेलं असतं. ऋजुता पहिल्या प्रकारातली. कराडहून येऊन तिला तीन वर्षं झाली होती, तरी रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बघायची म्हणून दुपारपासूनच अख्खं शहर कामाला रामराम ठोकतं, हे तिच्या पचनी पडलं नव्हतं. भंवरकुआं भागातल्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिचे साहेब प्रणव, एवढे दोघंच उरले होते.

तिच्याकडे एका बांधाचं काम होतं. शहराबाहेर, राऊच्या पुढे एका शिक्षणसंस्थेचा जुना तलाव आहे, आणि त्याला मातीचा बांध. बांधात नऊ नळ्या उभ्या पुरलेल्या. चिंतामण नावाचे गृहस्थ रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक नळीत फीत सोडत, तोंडापासून पाणी किती खाली आहे ते बघत आणि आकडे फोनवरून पाठवत. आकडा जितका लहान, तितकं पाणी बांधाच्या पोटात वर चढलेलं आणि तितका बांध कच्चा. ऋजुताने लिहिलेला प्रोग्रॅम ते आकडे घेऊन बांध कुठून कुठून घसरू शकेल अशा हजारो वाटा तपासायचा आणि सगळ्यात वाईट वाटेचा एक आकडा द्यायचा. तो दीडच्या वर असला की हिरवा संदेश. सव्वाच्या खाली गेला की लाल. एकावर आला तर संदेश वाचत बसायलाही वेळ नसतो.

हा संदेश बांधाखालच्या वस्तीतल्या प्रत्येकाच्या फोनवर जायचा. लोक आताशा तो वाचतही नसत. रोजच हिरवा असायचा ना.

दोन वाजून पाच मिनिटांनी ऋजुताने सहज म्हणून बांधाचं पान उघडलं आणि तिची बोटं थांबली. संध्याकाळच्या पाचच्या रकान्यात आठ नळ्यांचे आकडे हजर होते. संध्याकाळ व्हायला तीन तास होते.

आधी तिला हसूच आलं. चिंतामणकाकांना झांक्यांना जायचं असणार, म्हणून गृहपाठ आधीच उरकलेला दिसतोय. मग हसू मावळलं. आजचा पाचचा आकडा जो माणूस दोनच्या आधीच लिहू शकतो, तो कालचा कसा लिहीत होता?

तिने गेल्या चौदा महिन्यांचे सगळे आकडे काढले आणि एकच गोष्ट मोजली, शेवटचा अंक. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक शून्य ते नऊ यातला कुठलाही येतो, सगळे साधारण सारखेच. पण मनातून आकडे काढणाऱ्या माणसाला दोन पॉइंट चाळीस बनावट वाटतं आणि दोन पॉइंट त्रेचाळीस कसं अस्सल वाटतं. आठ नळ्यांचे मिळून सहा हजार सातशे आकडे होते. त्यात शून्यावर किंवा पाचावर संपणारे तेराशेच्या वर हवे होते. निघाले अकरा.

आठ नळ्या तिने पुन्हा पाहिल्या. नववी, म्हणजे पाच नंबरची, वेगळी होती. तिचे अंक जसे यायला हवेत तसेच, सगळीकडे विखुरलेले. आणि पाच नंबरची नळी तिनेच चार दिवसांपूर्वी बाद केली होती.

कारण चोख होतं. दहा दिवस पावसाने झोडपून काढलं होतं. पाच नंबरचा आकडा भराभर लहान होत चालला होता आणि बाकी आठ नळ्या शांत होत्या. प्रोग्रॅमला तिनेच शिकवलं होतं, की जी नळी शेजारणींशी जुळत नाही ती बिघडली समजायची. नळीचं झाकण फुटून पावसाचं पाणी आत जात असेल, असं तिलाही वाटलं. तिने चिंतामणकाकांना मेसेज टाकला होता : काका, पाच नंबर खराब आहे, तिचा आकडा आता पाठवू नका. काकांनी उत्तरादाखल नमस्काराचे हात पाठवले होते.

फक्त तपासण्यापुरती तिने पाच नंबर पुन्हा आत घेतली, बाकी आठ बाहेर काढल्या आणि प्रोग्रॅम चालवला. चार दिवसांपूर्वीच्या त्या शेवटच्या आकड्यावरच बांधाचा निकाल आला एक पॉइंट सोळा.

प्रणवने स्क्रीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. माणूस वाईट नव्हता, पण एकदा तोंड पोळलेलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या लाल संदेशावरून संस्थेने अर्धा तलाव सोडून दिला होता आणि बांधाला काहीही झालेलं नव्हतं.

"नऊपैकी आठ नळ्या ठीक म्हणताहेत, ऋजुता. एक नाही म्हणते. तीही तूच बाद केलेली."

"आठ नळ्या म्हणत नाहीयेत, सर. एक माणूस म्हणतोय. आठ वेळा."

"शेवटच्या अंकांवरून मी दोनशे घरं खाली करू? संस्थेचा सेक्रेटरी मला उभा कापेल. तू जाऊन बघ. नळीत फीत सोड, फोटो पाठव. एका जरी नळीत पाणी वर दिसलं, तरी मी लगेच लाल करतो. शब्द आहे माझा."

"चार वाजता तिथे विसर्जन आहे, सर. बांधाखालच्याच मैदानात."

"मग बोलत काय बसलीस," प्रणव म्हणाला.

ती तशीच उठली. पाचच्या रकान्यातले ते आठ आकडे तिथेच राहिले.

रस्ते झांक्यांसाठी आधीच अडवायला घेतले होते. स्कूटर दोनदा वळवावी लागली. राऊच्या पुढे पोचायला तीन वाजून दहा मिनिटं झाली. दहा दिवसांनी ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाने सगळे निर्धास्त झाले होते. बांधाच्या पायथ्याशी मैदानात मांडव, मांडवात विसर्जनाचं कुंड, बाजूला पोहे-जिलेबीची टेबलं. आजूबाजूच्या कॉलन्यांतली मराठी घरं वर्षातून एकदा इथे गोळा होतात. लेझीमवाल्या मुली ओळीत उभ्या राहून एकमेकींचे गजरे नीट करत होत्या. मैदानातून बाहेर पडायला नाल्यावरची एक अरुंद पुलिया, आणि पुलियापलीकडे उंच रस्ता.

चिंतामणकाका बांधाच्या पायथ्याशी आपल्या चौकीत सापडले. साठीला टेकलेला, इंदूरच्याच छत्रीबागेत वाढलेला माणूस. धोतराच्या जागी पँट आली तरी डोक्यावरची टोपी सुटली नव्हती. तिला बघून ते खुर्चीतून उठले आणि उठताना खुर्चीचा हात धरून थांबले.

"अरे ताई, तुम्ही? आज तर छुट्टी असते ना सगळ्यांना."

"काका, आठ नळ्या तुम्ही शेवटच्या कधी बघितल्या?"

काका टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. बाहेर लेझीम सुरू झालं. ऋजुताला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि त्यांच्या गुडघ्यावरचा पट्टा बघून ओरडता येईना.

"मागच्या वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला," ते म्हणाले. "घुटना गेला ताई. वरती चढायला त्रेसष्ट पायऱ्या आहेत. सांगितलं असतं तर दुसऱ्याला ठेवला असता त्यांनी. पण मी असेच नाही लिहायचो हां. पाऊस पडला की दोन सेंटीमीटर कमी करायचो, ऊन पडलं की एक वाढवायचो. तलाव भरला की खालच्या नळ्यांना जास्त. सगळा हिसाब लावून."

म्हणजे काकांचाही एक प्रोग्रॅम होता, आणि तो ऋजुताच्या प्रोग्रॅमला इतका आवडला होता की दोघांनी मिळून खऱ्या नळीला खोटं ठरवलं होतं.

"आणि पाच नंबर?"

"ती तर इथेच दरवाज्यात आहे. ती मी बघूनच लिहायचो. तुम्ही म्हणालात खराब आहे, तर पाठवणं बंद केलं. बघायचं नाही सुटलं पण. आदत आहे ना."

त्यांनी टेबलाच्या खणातून शाळकरी वही काढली. पेन्सिलीने, तारखेनिशी. दोन पॉइंट दहा. एक पॉइंट पंचाहत्तर. एक पॉइंट तीस. आज सकाळी पंच्याऐंशी सेंटीमीटर.

"काका, हे तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना ताई. दोन रात्री झोप नाही लागली. पण कम्प्यूटर बोलला खराब आहे, तर मी कोण?"

कम्प्यूटर बोलला नव्हता, ऋजुता बोलली होती. तिने भिंतीवरची फीत उचलली आणि बाहेर धावली.

पाच नंबरच्या नळीला पांढरा रंग दिलेला होता आणि वर लाल टोपण. टोपण धड होतं, कुठेही फुटलेलं नव्हतं. तिने फीत सोडली. पाण्याला टोक टेकलं की फितीची शिट्टी वाजते. बत्तीस सेंटीमीटरला वाजली. ती पायऱ्या चढून सहा नंबरला गेली. काकांनी तिथे दोन पॉइंट सत्त्याऐंशी लिहिलं होतं. फीत नळीच्या तोंडात घातली, आणि हात खाली न्यायच्या आतच शिट्टी झाली. बोटांना पाणी लागलं. खाली पायथ्याच्या गवतातून एक बारीक धार वाहत होती, आणि ती धार गढूळ होती. स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून निघून चालली आहे.

तिने फोटो पाठवला. एका मिनिटात प्रणवचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"लाल करतोय. तू खाली उभी राहू नकोस. लोकांना काढ. मी पोलिसांना फोन लावतो."

चारला वीस मिनिटं कमी असताना मैदानातल्या सगळ्या फोनांवर लाल संदेश पडला. आणि काही झालं नाही. काहींनी वाचला, काहींनी खिशातून काढलाच नाही. गेल्या वर्षीचा लाल सगळ्यांच्या लक्षात होता. आरती सुरू झाली होती.

मंडळाच्या अध्यक्षा वसुधाताई तबक हातात धरून उभ्या होत्या. ऋजुता त्यांच्या कानाशी बोलली. त्यांनी आरतीचा ठेका न सोडता मान हलवली, आणि कडवं संपल्यावर हळूच म्हणाल्या, "बेटा, आरती अर्धी नाही सोडत. दहा मिनिट. आणि वर आभाळात बघ, किती छान धूप निघालीय. आत्ता कसा फुटेल बांध?"

"ताई, दहा मिनिटं आहेत की नाहीत, मलाच माहीत नाही."

"तर मग?" वसुधाताई म्हणाल्या. त्यांचं चुकत होतं असंही नाही. एक अनोळखी मुलगी घामाघूम होऊन आकडे सांगतेय, म्हणून बाप्पाला अर्धवट सोडून कोण पळेल?

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. चिंतामणकाका मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि माइक त्यांच्या हातात होता. आरतीवाल्यांचे आवाज एकेक करून थांबले.

"मी चिंतामण. या बांधावर पाणी मोजायला मला ठेवलंय. चौदा महिने मी झूठे आकडे लिहिले. वर चढलोच नाही. तुम्हाला रोज जो हिरवा मेसेज येत होता, तो माझ्या झुठाचा होता. ही ताई आत्ता वर जाऊन बघून आली. खरी बोलतेय. माझी नात संहिता इथेच लेझमात आहे. संहिता, लेझीम ठेव आणि चल. बाकीच्यांनी पण चला."

लाल टोपीची एक दहा वर्षांची मुलगी ओळीतून बाहेर आली. तिने लेझीम खाली ठेवलं आणि आजोबांचा हात धरला. आजोबांकडे तिने वर पाहिलं नाही. ते दोघं पुलियाकडे चालू लागले, लंगडत, सगळ्यांच्या समोरून.

मग लोक निघाले. चौघांनी मूर्ती उचलली. पुलियावरून एका वेळी तिघं जात होते, आणि दोनशे माणसं निघायला किती वेळ लागतो याचं गणित ऋजुताने आयुष्यात पहिल्यांदा नखं खात केलं. साडेचारला शेवटचा माणूस रस्त्यावर आला. दोन पोलीस येऊन पुलियाच्या तोंडाशी उभे राहिले, मग मैदान रिकामं झाल्यावर बांधाखालच्या वस्तीतली घरं खाली करायला निघून गेले.

आणि बांध उभाच.

पावणेपाच झाले. उन्हं कलली. बाप्पा रस्त्याकडेला एका हातगाडीवर बसले होते. लहान मुलं भुकेली झाली, पोहे खाली मांडवात राहिलेले. कुणीतरी म्हणालं, मागच्या वर्षीसारखंच झालं की. कुणीतरी चिंतामणकाकांकडे बघून, ऐकू जाईल इतक्या आवाजात, हिंदीत काहीतरी बोललं. काका रस्त्याच्या कठड्यावर बसून होते, वही मांडीवर. संहिता त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

पाच वाजले आणि दोनशे फोन एकदम वाजले.

ऋजुताने आपला फोन पाहिला.

संदेश हिरवा होता. "पाच वाजताच्या नोंदींनुसार बांध सुरक्षित. मागील इशारा रद्द. नळी क्रमांक पाच वगळून."

काकांचे दुपारचे आठ आकडे. तिनेच पाहिलेले, तिनेच तिथे ठेवलेले. घड्याळात पाच वाजले, प्रोग्रॅमने ते इमानेइतबारे उचलले आणि इशारा रद्द केला. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

"घ्या," वसुधाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. "सुरक्षित आहे. चला रे, उचला बाप्पाला. आरती पूर्ण करू."

चौघांनी मूर्ती उचलली. पुढची माणसं पुलियावर चढलीसुद्धा. ऋजुता धावत पुढे गेली आणि पुलियाच्या मध्यावर दोन्ही कठडे धरून आडवी उभी राहिली.

"जाऊ नका. हा मेसेज खोटा आहे."

"तुमच्याच कंपनीचा आहे ना?" पुढच्या माणसाने विचारलं.

"माझाच आहे. मी लिहिलाय. म्हणून सांगतेय."

वसुधाताई पुढे आल्या. "तासाभरापूर्वी तुझा लाल, आत्ता तुझाच हिरवा. बेटा, आम्ही मानायचं कोणाला?"

हा प्रश्न रास्त होता, आणि तिच्यापाशी द्यायला काही नव्हतं. त्यांना पटेल असा आकडा नाही, आलेख नाही. चार दिवसांपूर्वी तिच्याकडे सगळं होतं, आणि सगळं असताना तिने चूक केली होती. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं.

"मला मानू नका. मी चुकले. एकच नळी खरं सांगत होती आणि मी तिलाच गप्प केलं. तुम्हाला विनवते, फक्त थांबा."

गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. चिंतामणकाका गर्दीतून वाट काढत होते, बगलेत वही, हातात फीत.

"पाच वाजले," ते म्हणाले. "माझी पाचची नोंद बाकी आहे. बाजूला व्हा ताई. मी पाच नंबर बघून येतो. मग सगळ्यांना खरं ते सांगतो."

"काका, नाही."

"तीच एक मी खरी बघतो ना."

ते तिच्या हाताखालून वाकून जाऊ लागले. ऋजुताने त्यांचा सदरा घट्ट धरला. आणि मग त्यांच्या दुसऱ्या हाताला कुणीतरी लोंबकळलं. संहिता होती. ती दोन्ही पाय रोवून मागे ओढत राहिली. काका थांबले. पुलियावरची सगळी माणसं थांबली, कारण त्या मुलीला ओलांडून पुढे जाणं कुणाला जमेना.

तिथून पाच नंबर दिसत होती. पांढरी नळी, लाल टोपण, पाठीमागे हिरवं गवत. सगळे नकळत तिच्याकडे बघत होते, म्हणून सगळ्यांनीच ते पाहिलं. नळी किंचित कलली. ती आणखी कलली, मग हळूहळू, सरळ रेषेत, खाली गेली, आणि लाल टोपण गवतात दिसेनासं झालं. त्यानंतर गवतच पुढे सरकलं.

आवाज नंतर आला. चौकी, मांडव, कुंड, पोह्यांची टेबलं, ओळीत ठेवलेली लेझिमं, सगळ्यावरून तपकिरी पाणी गेलं आणि पुलियाच्या खालून नाल्याला लागलं. माणसं मागे पळाली. मूर्ती धरलेले चौघं सगळ्यात आधी रस्त्यावर पोचले. पाण्याला मैदान भरायला चार मिनिटं लागली. ऋजुताने ती मोजली, कारण दुसरं काही तिला करता येत नव्हतं.

वस्तीही रिकामी झाल्याचं पोलिसांनी येऊन सांगितलं. प्रणवचे सात फोन येऊन गेले होते. तिने एकदा उचलला, "सगळे बाहेर आहेत," एवढं म्हणाली आणि ठेवला. वसुधाताई बाप्पासमोर रस्त्यावरच बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आरतीचं राहिलेलं कडवं असावं.

चिंतामणकाकांनी कठड्यावर वही उघडली. पेन्सिल शोधली. आजच्या तारखेपुढे, संध्याकाळी पाचच्या रकान्यात, हात थांबला.

"ताई, काय लिहू?"

"जे बघितलं ते, काका."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं : नळी नाही. मग वही ऋजुताकडे सरकवली. चौदा महिन्यांत त्या वहीत कुणी दुसऱ्याने सही केली नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि खाली आपलं नाव लिहिलं, पूर्ण, आणि त्याखाली चार दिवसांपूर्वीची तारीख.

"ही तारीख कसली?" काकांनी विचारलं.

"मी तिला खराब म्हणाले त्या दिवसाची," ती म्हणाली.

संहिताने वाकून वही वाचली. मग ती उठली आणि आजोबांच्या शेजारी, मधलं हातभर अंतर न ठेवता, चिकटून बसली.